बारालाच्याच्या वाटेवरून

दसऱ्याच्या सुटीत दोन्ही मुलांना घेऊन आम्ही मच्छ्याहून मोटारीने उत्तरेस निघालो. मनालीपुढील, २०२० साली खुला झालेला ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा ओलांडताच हिरवी सृष्टी विरळ झाली. पुढे लाहौलचे उघडेबोडके, निर्मनुष्य पहाड! केलाँगला एक रात्र काढून बारालाचा खिंडीकडे चढू लागलो. ती सुमारे ४,८९० मीटर उंच. आपले बेळगाव जेमतेम ७५०. विरळ हवेने धाकटीचे डोके दुखू लागले, ओकारी झाली. “आई, घरा वचूंया,” ती आमच्या कोंकणीत पुटपुटली. अशा वेळी खाली उतरणे हेच खरे औषध. खिंड तासाभरावर असता आम्ही मोटार वळविली. थोरला हिरमुसला. केलाँगला पोहोचल्यावर धाकटीने भात मागितला, आणि आपल्या ताटातला पहिला घास थोरल्यानेच तिला भरविला. बालमित्रांनो, त्याहून उंच शिखर आम्हांस त्या प्रवासात दिसले नाही.