केकेचा षड्ज

जपानमधील 'साकुरा' या पारंपरिक गीतावर युकिजिरो योको यांनी गिटारसाठी रचलेली विस्तारमाला मराठी श्रोता प्रथमच ऐकतो, तेव्हा त्याला तिचे स्वर परके वाटत नाहीत. षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध मध्यम, पंचम आणि कोमल धैवत हेच पाच स्वर गुणक्रीत लागतात. तरीही जे ऐकू येते ते गुणक्री नव्हे. गुणक्रीतील ऋषभ आंदोलित असतो आणि त्याच्यामागे तंबोऱ्याचा षड्ज अखंड उभा असतो. गिटारची तार छेडली की स्वर विरू लागतो, आणि त्या विरण्यातच पुढच्या स्वराची प्रतीक्षा असते. स्वरसमूह एकच, भाव मात्र भिन्न. मग भावाचे अधिष्ठान नेमके कोठे मानावयाचे?

हा प्रश्न केवळ संगीताचा नाही. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे सौंदर्याचा विचार मांडला. तेव्हापासून मराठी समीक्षेत 'लय' हा शब्द सतत वावरत आला आहे; परंतु तो बहुधा रूपक म्हणूनच. कवितेला खरोखर एक गती असते, एक पट्टी असते, हे मुद्रित पृष्ठासमोर बसलेला वाचक सहज विसरतो.

या विस्मरणाची सर्वाधिक किंमत मोरोपंतांना मोजावी लागली. पन्हाळ्यास 1729 साली जन्मलेला हा कवी बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीस आला आणि 1794 मध्ये निधन होईपर्यंत तेथेच राहिला. पंडिती, यमकप्रिय, क्लिष्ट ही त्याच्यावरील नेहमीची विशेषणे. 'केकावली' वर्गात शिकवताना गण पाडले जातात, अलंकार ओळखले जातात आणि अर्थ सांगितला जातो. म्हटली मात्र जात नाही. वस्तुतः तिच्या पृथ्वी वृत्तातच आर्ततेची योजना आहे. सतरा अक्षरांच्या चरणात आठव्या अक्षरावर यती येतो. दोन्ही खंडांत लागोपाठ तीन लघू येऊन गुरूवर आदळतात. घाईघाईने पुढे सरसावलेला आवाज पुन्हा पुन्हा अडतो, दम घेतो आणि परत याचना करू लागतो. मेघाला हाक घालणाऱ्या मयूराचा टाहो म्हणजे केका, आणि 'मयूर' ही कवीची स्वतःची नाममुद्रा. नारदीय शिक्षेच्या परंपरेत षड्जाचा संबंध मोराच्या स्वराशीच जोडलेला आहे. म्हणजे शीर्षकातच कवीने आपली पट्टी सांगून ठेवली आहे. ती न लावता केलेले वाचन बेसूर ठरले, तर दोष वाचनाचा आहे.

याच बारामतीहून दर आषाढीला तुकोबांची पालखी काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी अशी इंदापूरकडे जाते. तेथील लय वेगळ्या न्यायाने चालते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा, चार अशी अक्षरे मोजली जातात. लघुगुरूंचे बंधन नसते. अक्षर किती लांबवायचे हे कवीने ठरवून दिलेले नाही. ते टाळ, मृदंग आणि चालणारी पावले ठरवतात. चालत्या दिंडीत पेटी नसते. वीणेकऱ्याच्या वीणेचा स्वर तेवढा आधाराला. उघड्या रस्त्यावर आवाज पोहोचावा म्हणून पट्टी चढी लागते. ठाय लयीत सुरू झालेला तोच अभंग बेलवाडीच्या रिंगणात द्रुत होतो, आणि विरहाचे शब्द उल्हासाने गाइले जातात. यात कोणालाही विसंगती वाटत नाही.

एका कवीने काल वृत्तात बांधून ठेवला, दुसऱ्याने तो गाणाऱ्यांच्या स्वाधीन केला. अभंगाला वारी मिळाल्यामुळे त्याचा काल दरवर्षी नव्याने भरला जातो. मोरोपंतांच्या कवितेला पूर्वी हरिदासांचा कंठ लाभला होता. कीर्तनातून आर्या मुखोद्गत होत. तो कंठ क्षीण झाल्यावर उरले ते पाठ्यपुस्तक, आणि पाठ्यपुस्तकावरून आपण कवीला कोरडा ठरवले. हा निर्णय फेरविचारार्थ घ्यावयाचा, तर त्याचा आरंभ नव्या सिद्धान्ताने होण्याची गरज नाही. 'केकावली'चा एखादा श्लोक वर्गात मोठ्याने, यती सांभाळून, सावकाश म्हटला जावा; अर्थाची चर्चा त्यानंतर.