पंच कुणाचा?

मुलांनो, सामना हरून घरी आल्यावर तुम्ही आईला पहिलं वाक्य काय सांगता? "आम्ही हरलो" असं सरळ सांगणारी मुलं थोडी. बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "पंच त्यांच्या बाजूचा होता गं!"

मी शाळेत शिकवते, त्यामुळे हे वाक्य मला सवयीचं आहे. मी काही मोठी खेळाडू नव्हे. पण आमच्या केंद्राच्या क्रीडास्पर्धा आल्या की कबड्डीची शिट्टी दरवर्षी माझ्याच गळ्यात येऊन पडते. म्हणून पंच खरंच पक्षपात करतात का, हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे. आज त्याचाच जरा नीट विचार करू या.

तुम्हाला वाटेल, ही तक्रार आपल्याच गल्लीतली. छे! माझी धाकटी बहीण कॅनडात, टोरोंटो शहरात राहते. तिचा मुलगा बारा वर्षांचा आहे. फोनवर बोलताना "मावशी, कशी आहेस?" एवढं झालं, की त्याची गाडी थेट हॉकीवर येते. आपली गवतावरची हॉकी नव्हे बरं का! तिकडे हॉकी म्हटलं की बर्फावरची हॉकी. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असं बर्फाचं मैदान. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात काठी, आणि चेंडूऐवजी रबराची जाड चकती. तिला 'पक' म्हणतात. जोरात मारलेला पक ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो. एका संघाचे सहा खेळाडू मैदानात, त्यातला एक गोलरक्षक.

अमेरिका आणि कॅनडातल्या शहरांचे ३२ व्यावसायिक संघ ज्या स्पर्धेत खेळतात, तिचं नाव नॅशनल हॉकी लीग. टोरोंटोचा संघ म्हणजे 'मेपल लीफ्स'. आमचा भाचा त्यांचा कट्टर भक्त. या संघाने स्टॅनले कप हा मानाचा चषक शेवटचा जिंकला तो १९६७ साली! इतकी वर्षं वाट पाहिल्यावर माणूस कारणं शोधणारच. भाच्याचं कारण तयार असतं. "मावशी, रेफरी मुद्दाम आमच्याविरुद्ध निर्णय देतात. सगळ्यांना माहितीए."

मी विचारलं, "पुरावा काय?" तो म्हणाला, "१९९३!"

तेव्हा तर त्याचा जन्मही झालेला नव्हता. पण टोरोंटोत ही गोष्ट बापाकडून मुलाकडे चालत येते म्हणे. २७ मे १९९३. लॉस एंजेलिस किंग्ज आणि टोरोंटो यांच्यातला सहावा सामना. जिंकला तर टोरोंटो अंतिम फेरीत जाणार होता. सामना बरोबरीत सुटला आणि जादा वेळ सुरू झाला. लॉस एंजेलिसचा महान खेळाडू वेन ग्रेट्झकी याची काठी टोरोंटोच्या डग गिल्मोर याच्या हनुवटीला लागली. रक्त आलं. नियमाप्रमाणे ग्रेट्झकीला शिक्षा होऊन बाहेर बसावं लागलं असतं. पण रेफरी केरी फ्रेझर यांना ते दिसलंच नव्हतं. त्यांनी सहकाऱ्यांना विचारलं, त्यांनीही पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या गोष्टीची शिक्षा कशी देणार? खेळ पुढे चालू झाला आणि थोड्याच वेळात त्याच ग्रेट्झकीने विजयी गोल केला. सातव्या सामन्यातही टोरोंटो हरला.

आता सांगा, हा पक्षपात झाला का?

उत्तर द्यायच्या आधी तीन शब्द वेगवेगळे करू या. चूक, ओढ आणि लबाडी. आपण रागात या तिघांनाही एकाच नावाने हाक मारतो आणि तिथेच घोटाळा होतो.

१९९३ ची गोष्ट पहिल्या शब्दात बसते. ती चूक होती. ते नजरेतून सुटलं, हे फ्रेझर यांनी स्वतः पुढे जाहीरपणे मान्य केलं. तेव्हा मैदानावर मुख्य रेफरी एकच असे. इतक्या वेगाच्या खेळात दोन डोळे कुठे कुठे पुरणार? पुढे १९९८ च्या हंगामापासून काही सामन्यांत दोन रेफरी ठेवून पाहिले, आणि २००० च्या हंगामापासून सगळ्याच सामन्यांत दोन रेफरी आले. दंडावर नारिंगी पट्टी दिसली की समजायचं, हा रेफरी. म्हणजे बघा, चुकीवर उपाय शिव्या देणं हा नव्हता. आणखी दोन डोळे नेमणं हा होता.

दुसरा शब्द ओढ. हा जरा नाजूक आहे. ओढ म्हणजे माणसाला स्वतःलाही न कळता त्याचा कल एका बाजूला जाणं. २००२ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. तो फुटबॉलचा आहे, पण पंचांचं मन सगळीकडे सारखंच. त्यांनी ४० पंचांना लिव्हरपूलच्या मैदानावरच्या एका सामन्यातले ४७ प्रसंग चित्रफितीवर दाखवले. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. प्रसंग तेच, नियम तेच. पण आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले! त्यांना कुणी लाच दिली नव्हती की धमकी दिली नव्हती. हजारो माणसं ओरडू लागली की शिट्टी तोंडापर्यंत नेणारा हात जरा अडखळतो, एवढंच. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, रिकाम्या मैदानांवर फुटबॉलचे सामने झाले. तेव्हा पाहुण्या संघाला एरवी जी थोडी जास्त पिवळी कार्डं मिळायची, तो फरक कमी झाल्याचं अभ्यासकांना दिसलं.

बर्फावरच्या हॉकीत ओढीचा आणखी एक प्रकार सापडतो. अभ्यासकांनी कितीतरी सामन्यांच्या शिक्षा मांडून पाहिल्या. एका संघाला लागोपाठ शिक्षा झाल्या असतील, तर पुढची शिक्षा दुसऱ्या संघाला होण्याचा संभव वाढतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे पंचाच्या मनात कुठेतरी तराजू हलत असतो, 'त्यांना दोन झाल्या, आता यांना एक द्यावी.' वर्गात दोन मुलं भांडली की काही मोठी माणसं चौकशी न करता दोघांनाही एकेक धपाटा देतात ना, तसंच हे! दिसायला समान, पण न्याय नव्हे. न्याय म्हणजे ज्याने जे केलं त्याचं त्याला मिळणं.

२०२१ च्या मार्च महिन्यात हे उघडच झालं. नॅशविल आणि डेट्रॉइट यांच्या सामन्यात टिम पील या रेफरींच्या अंगावरचा मायक्रोफोन चालू राहिला. नॅशविलला दिलेली शिक्षा तशी फारशी योग्य नव्हती, पण त्यांना सुरुवातीलाच एक शिक्षा द्यायची होती, अशा अर्थाचं बोलणं घरोघरी ऐकू गेलं. लीगने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, की हे रेफरी यापुढे आमच्या सामन्यांत काम करणार नाहीत. अनेक वर्षांची नोकरी त्या एका वाक्याने संपली.

आणि तिसरा शब्द, लबाडी. ती होतच नाही असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये टिम डोनाघी नावाचा रेफरी स्वतःच्याच सामन्यांवर पैजा लावत होता. २००७ साली त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि पुढे तो तुरुंगातही गेला. पण ही लबाडी बाहेर आली ती पोलिसी तपासातून. प्रेक्षकांच्या आरडाओरड्यातून नव्हे.

आता भाच्याकडे परत येऊ. मी त्याला विचारलं, "तुझ्या वर्गात दुसऱ्या संघाचा चाहता कुणी आहे का?" म्हणाला, "आहे ना, मॉन्ट्रियलवाला." "मग त्याला विचार, रेफरी कुणाच्या बाजूचे?" दोन दिवसांनी उत्तर आलं. तो मुलगा म्हणाला होता, रेफरी टोरोंटोच्याच बाजूचे! कारण काय, तर वादग्रस्त गोल चित्रफितीवर तपासण्याची लीगची खोली टोरोंटो शहरातच आहे. मला हसू आवरेना. एकच स्पर्धा, तेच रेफरी. एकाला ते टोरोंटोचे शत्रू वाटतात, दुसऱ्याला टोरोंटोचे जावई!

दोघंही खोटं बोलत नाहीत बरं. १९५१ साली अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन महाविद्यालयांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना फार दांडगाईचा झाला. नंतर संशोधकांनी त्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि डार्टमथचे नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या मुलांना जितके दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. फिल्म एकच! आपण डोळ्यांनी पाहतो खरं, पण मोजायचं काम मन करतं, आणि मन आधीच कुठल्या तरी संघाची टोपी घालून बसलेलं असतं.

मग काय करायचं? "सगळेच तसे" म्हणून सोडून द्यायचं? मुळीच नाही. चांगली माणसं शोधायची, आणि त्यांच्याभोवती चांगली व्यवस्थाही उभी करायची. क्रिकेटमध्ये पूर्वी यजमान देशाचेच पंच असत आणि पाहुणे कुरकुरत. १९८६ साली पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्या लाहोर कसोटीसाठी पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खान याच्या आग्रहाने दोन भारतीय पंच बोलावले गेले, व्ही. के. रामस्वामी आणि आपले मुंबईचे पिलू रिपोर्टर. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ देशांचे ठेवायचं ठरलं. (करोनाच्या काळात प्रवास बंद पडला, तेव्हा काही दिवस यात खंड पडला.) १९९२ मध्ये दर्बानला टीव्ही पाहून निर्णय देणारा तिसरा पंच आला. त्याने धावबाद दिलेला पहिला फलंदाज कोण, ठाऊक आहे? आपला सचिन तेंडुलकर!

आमच्या केंद्रातही आम्ही एक साधा नियम पाळतो. ज्या शाळेचा सामना, त्या शाळेच्या शिक्षकाच्या हाती शिट्टी नाही. माझ्या शाळेची मुलं मैदानात उतरली, की मी शिट्टी शेजारच्या गावच्या गुरुजींकडे देते. मी पक्षपात करीन म्हणून नव्हे. माझ्यावर कुणी शंका घेऊ नये, आणि माझ्या मुलांच्या विजयावरही कुणी घेऊ नये म्हणून.

पण शाळेतल्या शाळेत मुलामुलींनाच पंच व्हावं लागतं. मागच्या वर्षी सातवीतली एक मुलगी आमच्याकडे कबड्डीची पंच होती. नियम तोंडपाठ, नजर तीक्ष्ण. एका चढाईत मुलाचा दम तुटला, तिने त्याला बाद दिलं. झालं! "ती तिकडच्या कॅप्टनची मैत्रीण आहे" असा ओरडा सुरू झाला. तिने निर्णय बदलला नाही. पण खेळ संपल्यावर शिट्टी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, मी आता पंच होणार नाही."

त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. तुम्हीच विचार करा. ओरडा ऐकून प्रामाणिक मुलं शिट्टी खाली ठेवू लागली, तर ती उचलणार कोण? ज्याला ओरड्याची पर्वा नाही तो, किंवा ओरड्याप्रमाणे निर्णय बदलणारा. म्हणजे पक्षपात नको म्हणून जो गलका आपण करतो, त्यातूनच उद्याचा पक्षपाती पंच तयार होतो! पालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे. मैदानाच्या कडेला सगळ्यात मोठा आवाज कधीकधी तुमचाच असतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही एक नियम केला. पंचाला प्रश्न विचारायचा, पण फक्त कर्णधाराने, खेळ थांबल्यावर, आणि "कशासाठी बाद दिलं?" एवढाच. 'कुणाची मैत्रीण' हा शब्द बंद. महिनाभराने त्या मुलीने शिट्टी पुन्हा मागून घेतली.

आता तुमच्यासाठी एक काम. येत्या रविवारी सामना पाहाल, तेव्हा वही घ्या आणि पानावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला तुमच्या संघाविरुद्ध गेलेले शंकेचे निर्णय लिहा, दुसऱ्या बाजूला तुमच्या फायद्याचे. दुसरी बाजू लिहायला जड जाईल, पण लिहाच. शेजारी विरुद्ध संघाचा मित्र बसवून त्यालाही तसंच लिहायला सांगा आणि शेवटी वह्या ताडून पाहा. दोन्ही वह्यांत कल एकाच बाजूला दिसला, आणि असं पुन्हा पुन्हा झालं, तर तुमच्या हाती तक्रार आहे. ती सभ्यपणे, कागदावर लिहून, मोठ्यांकडे द्या. नाही दिसला, तर मग आपण हरलो ते समोरचे चांगले खेळले म्हणून. तेही घरी जाऊन आईला सांगता आलं पाहिजे.

आणि हो, वर्षातून एकदा तरी स्वतः पंच व्हा. शिट्टी गळ्यात पडली, की मैदान निराळंच दिसतं!