तळे गेले, गणपती राहिला

पुण्याच्या सारसबागेतील मंदिराला लोक आजही 'तळ्यातला गणपती' म्हणतात. नवखा माणूस विचारतो, तळे कुठे आहे? तो ज्या हिरवळीवर बसलेला असतो, तोच त्या तळ्याचा तळ!

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी हे तळे करविले. मधोमध बेट राखून त्यावर बाग फुलविली. तीच मूळची सारसबाग. पेशवे येथे नौकाविहार करीत. १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी बेटावर उजव्या सोंडेच्या गणपतीची स्थापना केली. त्यांचे वय तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे. त्यात कारभाऱ्यांचा हात किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

पुढे पेशवाई गेली, तळे आटले, आणि विसाव्या शतकात ते बुजवून सार्वजनिक उद्यान साकारले. पहाटे फिरणारे, सायंकाळी खेळणारी मुले, बाहेर भेळेच्या गाड्या, दिवाळीत दिव्यांची आरास. मंदिराच्या पायऱ्या चढताना मात्र जुन्या बेटाची उंची पायांना कळते, आणि भोवतीच्या लहानशा कुंडात कमळे दिसतात. पूर्वीच्या विस्तीर्ण पाण्याची एवढीच काय ती खूण.

बाग देखणी झाली, यात शंका नाही. पण तळ्याबरोबर ओढ्याचे पाणी सामावून घेणारी जागाही गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच आंबिल ओढ्याला पूर आला. काठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि माणसे वाहून गेली.