जिन्याचा पहिला खांब

घरी येणारा पाहुणा दारावरचे तोरण पाहतो, भिंतीवरची चित्रे पाहतो. जिन्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या खांबाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. आणि तरीही माडीवर जाणारा प्रत्येक हात प्रथम त्याच्यावरच टेकतो. या साध्या खांबाची थोरवी मला फार उशिरा कळली.

वाईच्या आमच्या जुन्या घराचा जिना फार चढा होता. १० फुटांची उंची अवघ्या १२ पायऱ्यांत चढावी लागे. म्हणजे एकेक पायरी १० इंचांची! आईचे वय झाले होते. तिचे गुडघे दुखू लागले होते, दृष्टीही मंदावली होती. पण माडीवरच्या खोलीत तिला कृष्णेच्या घाटावरची घंटा ऐकू येई. ती खोली सोडावयास ती तयार नव्हती. म्हणून २०११ साली मी जिना नव्याने करावयाचे ठरविले. आमच्या वृद्ध मिस्त्रींनी हिशेब मांडला, "साडेसात इंचांच्या १६ पायऱ्या करू. मात्र पायऱ्या वाढल्या म्हणजे जिना पुढे येणार आणि खांबाची जागाही बदलणार."

जुना खांब त्यांनी हातोडीने ठोकून पाहिला. वरच्या अंगाला खणखणीत आवाज आला; तळाशी मात्र बद्द. ओलीमुळे तेथे वाळवी शिरली होती. नवा खांब आणणे भागच होते. मी शहरातून एक सुंदर कोरीव खांब पसंत करून आणला. अंगावर वेलबुट्टी, माथ्यावर टोकदार कळस! मिस्त्री एवढेच म्हणाले, "दादा, खांब नुसत्या डोळ्यांनी निवडू नये. साऱ्या कठड्याचा ताण यालाच सोसावा लागतो."

मला ते बोलणे जुन्या वळणाचे वाटले. दुसऱ्याच दिवशी जुना खांब काढला. सायंकाळी दिवे लागण्यापूर्वी आई देवघरातून आली आणि सवयीप्रमाणे तिने हात पुढे केला. तेथे काहीच नव्हते. तिचा तोल गेला. मिस्त्रींनी धावत जाऊन तिला सावरले, म्हणून अनर्थ टळला. आई थरथरत म्हणाली, "अरे, मी डोळ्यांनी जिना चढतच नाही. हाताला खांब लागला की पायरी कोठे आहे ते कळते."

त्या रात्री मी कोरीव खांबाच्या माथ्यावर तळहात ठेवून पाहिला. कळसाचे टोक रुतले. इतके दिवस मी खांब पाहिला होता. धरून पाहिला नव्हता.

सकाळी तो खांब परत पाठविला. मिस्त्रींनी सागवानाचा एक वासा निवडला. "कडेचे फिकट लाकूड नको, कीड प्रथम तेच खाते. गाभ्याचे लाकूड टिकते," असे ते म्हणाले. तीन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला जुन्या खांबाचा वाटोळा माथा त्यांनी दोरीने मापला आणि तेवढाच माथा नव्या खांबाला घडविला. खांबाचे तळचे टोक चौकोनी तासून जमिनीखालच्या तुळईत घट्ट बसविले. मग त्यांनी स्वतः आपला सारा भार त्यावर टाकून पाहिला. खांब तसूभरही हलला नाही.

जिना पुरा झाला तेव्हा मी आईला हात धरून पायथ्याशी नेले. तिने माथा चाचपला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "जागा नवी आहे; पण मूठ तीच आहे रे!" मग माझा हात सोडून ती एकटीच चढू लागली. बाराव्या पायरीवर ती थबकली. स्वतःशीच हसली आणि "अजून चार," असे म्हणून पुढे गेली.

घर सजविताना आपण पाहणाऱ्यांच्या डोळ्यांचा विचार करतो. राहणाऱ्यांच्या हातांचा विचार करावयास मला त्या खांबाने शिकविले. आजही माडीवर जाताना माझा हात नकळत त्याच्या माथ्यावर विसावतो.