बेसखालचा चेहरा

ताम्हिणीच्या पावसात बेस धरत नाही. हवा इतकी ओली की स्पंजनं बसवलेला रंग बघता बघता नाकाच्या कडेला जमतो आणि टचअपला धावावं लागतं. अशा वेळी रंगभूषाकाराला माणसाची खरी कातडी दिसते. हल्ली ती पाहून जीव कळवळतो.

पौडकडची एक मुलगी मालिकेतल्या छोट्या भूमिकेसाठी माझ्यासमोर बसली होती. गालांवर केसाएवढ्या बारीक लाल शिरा, हनुवटीवर लव, बोट लागलं तरी आग. "काका, झाकेल ना?" एवढंच तिनं विचारलं. गोरं दिसायला ती कित्येक महिने स्टेरॉइडचं मलम चोळत होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नाही असा नियम आहे, तरी मिळतं. त्यानं रंग उजळतो, पण त्वचा पातळ होते आणि मलम थांबवलं की चेहरा पेटतो. हिरवट करेक्टरनं मी लाली दाबली, वर अगदी पातळ थर दिला. जाड थर आजचे कॅमेरे लगेच पकडतात. झाकलं गेलं. पण सावळ्या चेहऱ्यावर प्रकाश कसा टाकायचा हे कॅमेरामनला येतं, बेस कसा जुळवायचा हे मला येतं, मग तिनं कातडी का जाळून घ्यावी?

अशा पोरींना मी ललिता पवारांबद्दल सांगतो. येवल्याच्या ललिताबाई नायिका होत्या. 1942 मध्ये एका प्रसंगाच्या चित्रीकरणात सोबतचे नट भगवानदादा यांची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला लकवा झाला, डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिकेची कामं संपली. पुढे त्याच डोळ्यानिशी त्यांनी खाष्ट सासवा गाजवल्या, 'अनाडी'तल्या मिसेस डिसाला फिल्मफेअर मिळालं, रामायण मालिकेतली मंथरा घराघरात पोचली. 1998 मध्ये औंधला त्या वारल्या, तोवर नाव टिकून होतं. चेहरा गेला तरी अभिनय हातात होता. अर्थात पडल्यावर असं सावरणं सगळ्यांना साधत नाही. 'अलबेला'मुळे लोकांनी डोक्यावर घेतलेल्या त्याच भगवानदादांचा जुहूचा बंगला गेला आणि 2002 मध्ये दादरच्या चाळीत त्यांचा शेवट झाला.

पडद्यावर दिसायच्या या ओढीवर टपलेलेही आहेत. आमच्या ताम्हिणी-पौडच्या तालुक्यात जमिनी विकून पैसे आलेत, हे भामट्यांनाही ठाऊक आहे. पोर्टफोलिओ, नोंदणी, 'भूमिका पक्की' म्हणून पैसे मागतात. आईबापांनो, काम देणारा पैसे देतो, मागत नाही. कुणी मागितले तर सरळ पौड पोलीस ठाणं गाठा.