चार मीटरच्या आत

दहांतून एक निवडणे सोपे असते. दोहोंतून एक निवडणे महाकठीण. दहा साड्या समोर पडल्या की आठ नुसत्या रंगावरून बाजूला सारता येतात. पण उरलेल्या दोन काठापदराने, पोताने आणि किमतीने सारख्याच निघाल्या, की दुकानातले घड्याळ थांबते. दुकानदार दुसऱ्यांदा चहा मागवतो आणि सोबत आलेला नवरा गादीच्या कडेला बसून आपल्या गत आयुष्याचा हिशेब मांडू लागतो. गेले दोन महिने आमच्या घरात हेच चालले होते. साड्यांच्या जागी मोटारी होत्या, एवढाच काय तो फरक.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा ताप नव्हता. त्यांच्या काळी कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट निघे, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याहून अँबेसडर येई आणि मद्रासहून स्टँडर्ड हेराल्ड. ज्याला मोटार हवी असेल त्याने नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. ‘कोणती घ्यावी?’ असा प्रश्न तेव्हा फारसा नव्हताच, ‘कधी मिळेल?’ हाच खरा प्रश्न. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली छोटी गाडी दिल्लीत गिऱ्हाइकाच्या हाती पडली, आणि पुढल्या दहा-पंधरा वर्षांत वाट पाहणारा देश हळूहळू निवड करणारा देश झाला. वाट पाहणाऱ्याला निदान आशा असते. निवड करणाऱ्याला नुसती काळजी.

आमच्यापुढे शेवटी दोन गाड्या उरल्या. एक मारुतीची ब्रेझा, दुसरी टाटांची नेक्सॉन. पहिली २०१६ साली आली आणि २०२२ मध्ये नवे रूप घेऊन पुन्हा आली. दुसरी २०१७ ची. आमच्या पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होणारी, म्हणजे एका अर्थी माहेरची. दोघींनाही लोक ‘एसयूव्ही’ म्हणतात. या तीन अक्षरांत खेळ आहे आणि उपयुक्तताही आहे, असे सांगतात. आमच्या घरात कॅरमपलीकडे कोणी काही खेळत नाही. शिवाय दोन्ही गाड्यांचे फक्त पुढचे दोन पाय चालतात, मागचे दोन नुसते मागून येतात. तेव्हा दऱ्याखोऱ्यांतल्या पराक्रमाची अपेक्षा त्यांच्याकडून नव्हती आणि आमच्याकडून त्यांनाही नसावी.

मी शिस्तीचा माणूस. एक वही घेतली, मधोमध उभी रेघ ओढली आणि दोन्ही बाजूंना आकडे मांडायला बसलो. पहिल्याच ओळीला थबकलो. ब्रेझाची लांबी ३,९९५ मिलिमीटर. नेक्सॉनची लांबी ३,९९५ मिलिमीटर. दोन निरनिराळ्या कारखान्यांत, निरनिराळ्या माणसांनी आखलेल्या गाड्या सुतासुतात सारख्या कशा निघाल्या? जुळ्या बहिणींतही तिळाएवढा फरक असतो!

याचे उत्तर कारखान्यात सापडत नाही, अर्थखात्यात सापडते. २००६ सालच्या अंदाजपत्रकात सरकारने लहान मोटारींवरचे अबकारी शुल्क चोवीस टक्क्यांवरून सोळावर आणले आणि लहान कोणाला म्हणावे तेही सांगितले. लांबी चार मीटरच्या आत; इंजिन पेट्रोलचे असेल तर १,२०० घनसेंटिमीटरपर्यंत, डिझेलचे असेल तर १,५०० पर्यंत. झाले! त्या दिवसापासून या देशातल्या कितीतरी गाड्यांच्या पाठी शिंप्याने कापड बेतावे तशा बेतल्या गेल्या. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याइतके अंतर. सरकारच्या उंबरठ्याला अंगठा टेकवून दोघी उभ्या आहेत, पण पाऊल काही बाहेर टाकत नाहीत.

पुढे अबकारी गेली, वस्तू व सेवा कर आला, पण चार मीटरची रेघ राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेघेच्या आतल्या लहान गाडीला अठरा टक्के आणि मोठीला चाळीस टक्के असा हिशेब झाला. गंमत अशी की ब्रेझा लांबीने लहान असली तरी तिचे इंजिन १,४६२ घनसेंटिमीटरचे आहे. म्हणून सरकारदरबारी ती मोठी. नेक्सॉनचे पेट्रोलचे इंजिन १,१९९ चे; म्हणून ती लहान. एकाच मापाच्या दोन बहिणी, पण एकीला एसटीचे अर्धे तिकीट आणि दुसरीला पूर्ण!

या इंजिनांवरून शेजारच्या काकांनी मला एक संध्याकाळभर धारेवर धरले. काकांनी आयुष्यात चार गाड्या वापरल्या आहेत आणि पाचवीबद्दल इतरांना सल्ला देण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला आहे. “ब्रेझाला चार सिलिंडर आहेत, नेक्सॉनला तीन. चार पायांची खुर्ची बरी की तीन पायांचा स्टूल?” त्यांचा सवाल बिनतोड वाटला. पण वहीत उलटेच दिसत होते. चारवालीची ताकद सुमारे १०३ अश्वशक्ती आणि तीनवालीची १२०. या कोड्याची उकल टर्बोत आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक लहानसे चक्र फिरवतो, ते चक्र बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात भरते, आणि जास्त हवेबरोबर जास्त इंधन जळून लहान इंजिन मोठ्याचे काम करते. आपल्याच निःश्वासावर जोर धरणारी ही युक्ती मला फार आवडली. कात्रजच्या जुन्या घाटात दोन्ही चालवून पाहिल्या. ब्रेझा शांतपणे, न कुरकुरता, समंजस सुनेसारखी वर गेली. नेक्सॉन किंचित थबकली आणि मग पदर खोचून निघाली. दोघीही वर पोचल्या. वहीत दोन्ही बाजूंना एकेक बरोबरची खूण पडली.

सौभाग्यवतींचे माप वेगळे. ब्रेझाच्या डिकीत ३२८ लिटर जागा आणि नेक्सॉनच्या डिकीत ३८२, असे मी वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “लिटरने दूध मोजतात. आंब्याच्या पेट्या किती बसतील ते सांगा.” शोरूममधल्या मुलाच्या माहितीपत्रकात आंब्याच्या पेटीचा रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या माळ्यावरची एक रिकामी पेटी बरोबर घेऊन गेल्या आणि दोन्ही डिक्यांत ती उभी-आडवी ठेवून पाहिली. त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पण खरे सांगायचे तर आम्ही केलेल्या सगळ्या परीक्षांत ही एकच परीक्षा निर्विवाद होती.

आता कन्येकडे वळतो; कारण गाडी मुख्यतः तीच चालवणार. तिने माझी वही पाहिली, शेवटपर्यंत उलटली आणि विचारले, “बाबा, यात ताऱ्यांचा रकाना कुठाय?”

ग्लोबल एनकॅप नावाची एक संस्था आहे. ती गाड्या विकत घेते आणि मुद्दाम आपटते. आत माणसाच्या मापाचे बाहुले बसवून गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर नेतात. समोरचा सगळा भाग नव्हे, चाळीस टक्केच भाग आपटतो, कारण खऱ्या रस्त्यावर समोरून येणारा बहुधा असाच अर्धवट भेटतो. मग बाहुल्यांचे डोके, छाती, गुडघे यांची काय गत झाली ते पाहून तारे देतात. २०१८ साली या परीक्षेत पाच तारे मिळवणारी भारतात तयार झालेली पहिली गाडी म्हणजे नेक्सॉन. २०२४ मध्ये अधिक कडक नियमांखालीही तिने पाच मिळवले. ब्रेझाच्या आधीच्या रूपाला त्याच २०१८ साली चार मिळाले होते. मी म्हटले, “चार काही कमी नव्हेत. शिवाय हे नवे रूप वेगळे आहे. थोरल्याचे प्रगतिपुस्तक धाकट्याला कसे चिकटवायचे?” ती म्हणाली, “तेच मी म्हणते. जिचं पुस्तक हातात आहे तिचेच गुण धरता येतात.” या मुलीला तर्कशास्त्र कोणी शिकवले, कोण जाणे!

इथवर आम्ही नेक्सॉनकडे झुकलो होतो, आणि मग आईला शोरूममध्ये नेले.

आईचे वय एक्क्याऐंशी. दोन्ही गुडघे कुरकुरतात. चिपळूणच्या पलीकडे आमचे घर आहे; जांभ्या दगडाचे, पुढे अंगण, मागे चार फणस. तिथे ती तीन वर्षांत गेलेली नाही. आमच्या जुन्या गाडीत ती बसते, पण उतरताना तिला दोघांनी ओढून काढावे लागते, आणि हे ओढून काढणे तिच्या मनाला लागते. “मी काय विहिरीतली घागर आहे?” असे ती एकदा म्हणाली आणि त्यानंतर जाण्याचे नावच काढेना. खरे म्हणजे नव्या गाडीचा सगळा घाट त्यासाठी होता. वहीत मात्र हे कोणी लिहिले नव्हते.

ब्रेझाचे मागचे दार उघडले. उभट, पेटीसारखी गाडी; उंची १,६८५ मिलिमीटर. आई पाठमोरी टेकली, पाय आत घेतले आणि बसली. कोणाचा हात लागला नाही. मग नेक्सॉन. ती १,६२० मिलिमीटर, म्हणजे सुमारे चार बोटे कमी, आणि छत मागे उतरत गेलेले. आई टेकली, पण मान वाकवताना कपाळ छताला लागले. “लागलं नाही हो,” ती शोरूममधल्या मुलाला म्हणाली. ती असे म्हणते तेव्हा लागलेले असते.

घरी परतताना कोणी बोलले नाही. एकीकडे नातीच्या जिवाचे तारे, दुसरीकडे आजीचे कपाळ. वहीतल्या उभ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आता आकडे नव्हते; घरातली माणसे होती. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गेले, ते मागच्या आसनावर पट्टा न लावता बसले होते. ही बातमी आमच्या घरात अजून आठवते. तारे ही काही शोभेची वस्तू नव्हे, हे मला कळत होते. पण ज्या म्हातारीसाठी गाडी घ्यायची तिलाच ती बोचणार असेल, तर पाच काय आणि पन्नास काय!

रात्री जेवणे झाल्यावर कन्येने सरळ आजीलाच विचारले. “आजी, तू नेहमी मागेच का गं बसतेस?”

आई गोंधळली. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा ती भाड्याच्या मोटारीत मागे बसली, कारण पुढे सासरे बसले. मग वडील पुढे बसले. मग मी. पुढची जागा घरातल्या पुरुषाची, हे ताटापाटांच्या मांडणीइतके ठरून गेले होते.

“पुढे तुझा बाबा बसतो ना,” ती म्हणाली.

“बाबांची मान लवते,” कन्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. नेक्सॉनचे पुढचे दार उघडले. तिथे छत उतरलेले नसते आणि आसन वरखाली सरकवता येते. आई पाठमोरी टेकली, पाय आत घेतले, पट्टा ओढून लावला आणि काचेतून समोर पाहू लागली. बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, “अरे, इथून रस्ता दिसतो की!”

साठ वर्षांत कुंभार्ली घाट तिने कितीदा उतरला असेल! पण सगळा बाजूच्या काचेतून. समोर कायम कोणाची तरी पाठ.

दसऱ्याला नेक्सॉन नोंदवली. पाडव्याला घरी येईल, आणि दिवाळी उरकली की उंब्रजवरून पाटण, कोयनानगर असे करत चिपळूणला उतरू. कन्या चालवील, आई पुढे बसेल. मी आणि सौभाग्यवती मागे, पट्टे लावून; माझे कपाळ छताला लागते की नाही हे तेव्हा कळेलच. काकांना हा निर्णय पटलेला नाही. तीन पायांच्या स्टुलाची आठवण ते रोज जिन्यात करून देतात. आणि त्यांचे चूक आहे असेही नाही. दुसऱ्या एखाद्या घरात, दुसऱ्या एखाद्या आजीसाठी ब्रेझाच योग्य ठरली असती.

आकडे खोटे बोलत नाहीत. अश्वशक्ती, लिटर, टक्के, तारे, सारे आपापल्या जागी खरे असते. फक्त ते गाडीपुरते बोलतात. चार मीटरच्या आत कोणी कुठे बसायचे, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. ते घरातच, जेवणानंतर, कधी तरी ठरवावे लागते. सरकारने गाडीची लांबी आखून दिली. आतली मांडामांड मात्र अजून आपल्याच हातात आहे.