झाकण

दिवाळी जवळ आली की मला घर रंगवण्याची हौस येते. हौस माझी आणि श्रम दुसऱ्याचे अशी वाटणी असल्याने या हौसेला आजवर ओहोटी लागलेली नाही. गेल्या दिवाळीला चार दिवस आधी निमोण्याला, म्हणजे शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावी पोहोचलो, तो अंगणात पुतण्या नव्या लोखंडी फाटकाला रंग मारीत होता.

हा पुतण्या म्हणजे माझ्या मनातला एक जुना सल. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला त्याने कॉलेज सोडले. रांजणगावला औद्योगिक वसाहत झाल्यापासून आमच्याकडच्या मुलांना पुस्तकापेक्षा पाना जवळचा वाटतो, असे मी तेव्हा तावातावाने बोललो होतो. मराठीच्या प्राध्यापकाचा पुतण्या रंगारी! हे मात्र मोठ्याने म्हटले नव्हते. तरी त्याला ते ऐकू गेले असावे.

ब्रश नाही, डबा नाही. त्याच्यापुढे जाड पत्र्याची एक बुटकी टाकी होती. कॉम्प्रेसरमधली हवा तिच्यात शिरे, आतल्या रंगाला दाबी, आणि रंग नळीतून हातातल्या गनपर्यंत जाई. दुसऱ्या नळीतली हवा त्याचे तुषार करी. पाहता पाहता फाटकाचे एक दार रंगून निघाले. मग गन नुसतीच फुसफुसू लागली. रंग संपला होता. पुतण्या कॉम्प्रेसर बंद करायला गेला. म्हटले, आपणही घरच्या कार्याला हातभार लावावा. मी वाकून टाकीच्या झाकणाची एक पकड पिरगाळू लागलो.

“आप्पा, हात काढा!”

इतक्या मोठ्याने माझ्यावर आजवर कुणी ओरडले नव्हते. (सौभाग्यवतींची गोष्ट वेगळी.)

त्याने मला टाकीवरचा काटा दाखवला. कॉम्प्रेसर थांबला तरी काटा दोनवरच होता. “दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो,” तो म्हणाला. मला दोन किलो म्हटले की बटाटे आठवतात. त्याने काडीने मातीत हिशेब मांडला. झाकणाची रुंदी ३० सेंटिमीटर. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७०० चौरस सेंटिमीटर. म्हणजे झाकणाला आतून १४०० किलोंचा रेटा! “एक पकड सुटली की सगळा भार बाकीच्यांवर. त्या निसटल्या की झाकणाचा तोफगोळा होतो.”

मग त्याने हवेची तोटी बंद केली, टाकीतली हवा सोडून दिली. काटा शून्यावर आला. तरी झाकणाला हात लावीना. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून पाहिली, गन बादलीत धरून नळीतला उरलासुरला दाब घालवला आणि मगच समोरासमोरच्या पकडी जोडीजोडीने सैल केल्या.

“म्हणजे हा आपला कुकरच की!” मी म्हणालो. डेनिस पापिन या फ्रेंच गृहस्थाने १६७९ मध्ये वाफेच्या दाबाचे भांडे केले, तेव्हा रायगडावर शिवछत्रपती नांदत होते. दाब वाढला तर आपोआप उघडणारी झडपही त्याचीच. ही माहिती मी वर्गात देतो त्या थाटात दिली.

“ती झडप लोक तारेनं बांधून टाकतात,” पुतण्या म्हणाला. “सारखी फुसफुसते म्हणून.” बोलता बोलता त्याचा हात डाव्या भुवईकडे गेला. तिथून कपाळावर एक पांढरी रेघ गेली आहे. मोटरसायकलवरून पडल्याची खूण, असे घरात सर्वांना ठाऊक.

मी नुसते पाहिले.

“पहिल्याच वर्षी, एका वर्कशॉपात. झडप बांधलेली, काटा शून्यावर अडकलेला. मी काटा बघून पकडी सोडल्या. झाकण घासून गेलं, आप्पा. बोटभर आत असतो तर...”

“मग आम्हांला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही म्हणाला असता, कॉलेज सोडल्याचं फळ.”

म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो.

“आईला सांगू नका,” तो हळूच म्हणाला. कारण वहिनी चहा घेऊन ओटा उतरत होत्या.

“काय ओरडत होता हा तुमच्यावर?”

“काही नाही वहिनी, मीच ओल्या रंगाला हात लावत होतो.”

चहा झाला. पुतण्याने टाकीत रंग ओतला, झाकण बसवले आणि पकडी आवळायला मला बोलावले.

“समोरासमोरच्या घ्या, आप्पा. एकदम नाही, थोड्या थोड्या.”